मिशीवरून घसरलेलं पिल्लू

सुभेदार आकाराम यांनी फौजेतली सगळी वर्षं भांडारात काढली. हे गावाला माहीत होतं, पण गावानं ते कधी मनावर घेतलं नाही. पारावर बसून त्यांनी बर्फाच्या, वाऱ्याच्या आणि सरहद्दीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. बर्फ होता, वारा होता, सरहद्दही फार लांब नव्हती. फक्त त्या सगळ्या धामधुमीत आपण ब्लँकेटं मोजत होतो, एवढा तपशील सांगायचा दर वेळी राहून जायचा.

भांडारात त्यांनी एक विद्या मात्र पुरती आत्मसात केली. मोठा साहेब तपासणीला यायचा असला की चांगला माल पुढे, खराब माल मागे. कसर लागलेल्या ब्लँकेटची घडी अशी घालायची की भोक पोटात जाईल. पोचा आलेल्या पातेल्याचा पोचा भिंतीकडे. साहेब पुढची रांग बघायचा, मान डोलवायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. मागे काय आहे हे साहेबालाही माहीत असायचं, आणि साहेबाला माहीत आहे हे सुभेदारांना माहीत असायचं. पण चहा झाल्यावर मागची रांग कोण बघतो?

निवृत्त होऊन ते कोरेगावच्या अलीकडे, आपल्या गावी, आल्याच्या रानाला लागून घर बांधून राहिले, तेव्हा पेन्शनीबरोबर ही विद्याही घरी आली. घराच्या दर्शनी भिंतीला रंग, मागच्या भिंतीला गिलावासुद्धा नाही. पाहुण्यांचा पलंग सागवानी, आणि स्वतःच्या पलंगाच्या एका पायाखाली विटा. "पाव्हण्यास्नी दाखवायला एक घर, आन् आमाला ऱ्हायला दुसरं," असं त्यांची बायको मालन म्हणायची. सुभेदारांना ती स्तुती वाटायची.

अशा माणसानं कोंबड्या पाळायच्या ठरवल्यावर तो खुडूक कोंबडीखाली अंडी बसवील, हे शक्यच नव्हतं. "कोंबडीचा काय भरवसा? मनात आलं की उठून जाईल. यंत्राला मन नसतं," असं त्यांचं म्हणणं. मग मोबाईलवर बघून बघून त्यांनी उबवणीचं यंत्र बनवलं. थर्माकोलचा खोका, आत दोन बल्ब, उष्णता आवरणारी एक डबी, कुठल्याशा कॉम्प्युटरमधला जुना पंखा, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी, आणि आतलं दिसावं म्हणून झाकणात काच. ही काच मूळची त्यांच्या लग्नाच्या फोटोची. भिंतीवरचा फोटो कुठं गेला असं मालननं विचारल्यावर तो पॉलिशला दिल्याचं तिला सांगण्यात आलं.

मुलगी प्रियदर्शनी, घरातली पियू, माधवनगरला दिलेली. जावई ऋषिराज तिकडंच एका कारखान्यात नोकरीला. पियूचं हे पहिलंच बाळंतपण. सातवा महिना लागला होता आणि डोहाळजेवण माहेरी करायचं ठरलं होतं. सुभेदारांनी त्यात आपला एक कार्यक्रम घुसवला. अंड्यातून पिल्लू निघायला एकवीस दिवस लागतात. डोहाळजेवणाच्या तारखेपासून कॅलेंडरवर तितकं मागं जाऊन त्यांनी अंडी यंत्रात ठेवली. म्हणजे बरोबर त्या दिवशी इकडे झोपाळ्यावर फुलांचे दागिने घातलेली लेक, आणि तिकडे अंडी फोडून बाहेर येणारी पिल्लं. पेढा की बर्फी ओळखायच्या वाट्या काय, सगळेच ठेवतात. पिल्लं कोण ठेवतं?

लेकीचा फोन आला तेव्हा हे त्यांनी तिला सांगितलंही.

"शंभर टक्के निघणार, पियू. एक वाया जायचं न्हाई, एक वाकडं निघायचं न्हाई. यंत्र हाय."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. रेंज गेली असं समजून सुभेदार अंगणात येऊन उभे राहिले.

"आबा," मग पियूचा आवाज आला, "एकपण नाही?"

"एकपण न्हाई!"

"बरं," ती म्हणाली, आणि फोन आईला द्यायला सांगितला.

*

डोहाळजेवणाच्या सकाळी अंड्यांना चोचीएवढी भोकं पडलेली होती आणि आतून चिवचिव ऐकू येत होती. सुभेदारांनी मिशीला पीळ दिला. योजना तंतोतंत चालली होती.

अडचण एकच होती. काचेवर आतून दव धरलं होतं आणि काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आता हे दव पिल्लांना हवंच असतं. ते आहे तोवर अंड्याच्या आतला पापुद्रा ओला राहतो आणि पिल्लाला आतल्या आत फिरून कवच फोडता येतं. मोबाईलमधल्या माणसानं दोन्ही हात जोडून सांगितलं होतं की शेवटी शेवटी झाकण अजिबात उघडू नका. पण मोबाईलमधल्या माणसाच्या घरी डोहाळजेवण नव्हतं.

"काय दिसंना की वं सुभेदार," पहिल्याच आलेल्या बायका म्हणाल्या. "निस्ता धूर हाय आत."

सुभेदारांनी झाकण उघडलं. गरम वाफ भस्सकन बाहेर आली. बायका "अगं बया" म्हणाल्या. ते "अगं बया" सुभेदारांच्या कानात असं काही गेलं की दुसरा घोळका आल्यावर त्यांनी विचारायची वाटच बघितली नाही. मग तिसरा आला. मग माधवनगरच्या विहीणबाई आल्या, त्यांच्यासाठी झाकण उघडून जरा जास्त वेळ धरलं. एकीचा नवरा गाडी लावून मागाहून आला, त्याच्यासाठी परत. ओटी भरली, गाणी झाली, पियूनं वाटी उचलली तर पेढा निघाला, आणि या सगळ्या वेळात सुभेदार सोप्यात खोक्याशेजारी उभे राहून झाकण उघडझाप करत होते.

त्यांचा बालमित्र ज्ञानू एकदा डोकावला. "तिकीट लाव, गड्या," तो म्हणाला. "जत्रंतल्या दोन तोंडाच्या वासरालाबी एवढी गर्दी नसती."

रंगूबाई आल्या त्या सगळ्यात शेवटी. या सुभेदारांच्या चुलत्या. वय ऐंशीच्या घरात, कान तीक्ष्ण आणि जीभ त्याहून. त्यांनी खोक्यात वाकून बघितलं.

"लोखंड ठिवलंस का रं आत?"

"लोखंड कशाला, काकी?"

"वीज कडाडली म्हंजे पिल्ली अंड्यात दगावत्यात. आमी खिळा ठिवायचो."

"काकी, हे सगळं विजेवरच चाललंय," सुभेदार म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर हसले. रंगूबाई हसल्या नाहीत.

"मग दोन खिळं ठीव," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत सात-आठ पिल्लं बाहेर पडून, सुकून, पिवळीधमक झाली. नंतर यंत्राला काय झालं कोण जाणे. बाकीच्या अंड्यांना सकाळी पडलेली भोकं होती तेवढीच राहिली. आतून चिवचिव यायची, भोकातून चोचीचं टोक दिसायचं, हलायचं, थांबायचं. सुभेदारांनी एका अंड्यावर बोट फिरवलं. आतला पापुद्रा पापडासारखा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटला होता. त्यांनी नखानं कवचाचा एक तुकडा काढला. तिथं रक्ताचा एक थेंब आला. सुभेदारांनी तो तुकडा घाईघाईनं परत होता तिथं ठेवला, जसं काही त्यानं ते मिटणार होतं.

सकाळी ती सगळी अंडी गप्प होती.

त्यांनी ती एका टॉवेलात गोळा केली. टॉवेल फौजेतला होता, हिरवा; दुसरा कुठला घ्यायला हात जाईना. परसातल्या केळीच्या बुंध्याशी खड्डा केला. एकेक अंडं खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या भोकाचं तोंड आपण वर ठेवतोय. ते का, हे त्यांना सांगता आलं नसतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून ज्ञानूनं विचारलं, "काय चाललंय रं सकाळी सकाळी?"

"केळीला खत घालतोय," सुभेदार म्हणाले.

*

जी निघाली ती निदान धडधाकट आहेत, असं त्यांनी मनाशी म्हटलं. त्यांना ठेवायला पुठ्ठ्याचा मोठा खोका होता. त्याच्या तळाला काय घालावं याचा विचार करता करता त्यांना माळ्यावरची गुंडाळी आठवली होती. ते निवृत्त होऊन आले तेव्हा गावच्या कमानीवर लावलेला फ्लेक्स. मध्यभागी गणवेशातले सुभेदार, मिशी हातभर, खाली "सेवापूर्तीबद्दल हार्दिक अभिनंदन", आणि त्याखाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, ज्ञानूसकट. माल मजबूत. पाणी लागत नाही, फडक्यानं पुसला की लख्ख. तो कापून त्यांनी खोक्यात अंथरला. आपला चेहरा वाया जाऊ नये म्हणून कात्री चेहऱ्याला वळसा घालून फिरवली, आणि छबी वरच्या बाजूला ठेवली. खोक्यात बघणाऱ्याला पिल्लांबरोबर तीही दिसावी.

तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन पिल्लांचे पाय फाकले. उभं राहायला जावं तर दोन्ही पाय दोन दिशांना सरकायचे, आणि पिल्लू पोटावर आपटायचं. एक तर खाणंपिणंही सोडून मान टाकून पडलं. दुसरं टिकून होतं. ते पंख मारायचं, चोच जमिनीला टेकवून अंग पुढे ढकलायचं, आणि दाण्यापर्यंत पोचलं की अशा जोरानं टोचायचं, जणू त्या दाण्यानंच त्याचं वाईट केलंय.

सुभेदारांनी दोघांना उचललं आणि मागच्या सपरात नेऊन, पोत्यांच्या थप्पीपलीकडे, डालग्याखाली झाकलं. खराब माल मागे. मात्र या वेळी कारण वेगळं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही फार लख्ख कळत नव्हतं. पियू बाळंतपणापर्यंत इथंच राहणार होती. पोटुशा बाईनं अधू, व्यंगाचं काही बघू नये, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. फक्त विषाची परीक्षा लेकीवर घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

ती रोज विचारायचीच.

"आबा, सगळी निघाली ना?"

"निघाली की."

"वाकडं एकपण नाही?"

"छ्या!"

ती खोक्यातल्या पिल्लांकडे बघत बसायची. सुभेदारांना वाटायचं, लेक मोजतेय.

ज्ञानूपासून मात्र काही लपत नसे. त्यानं सपरात येऊन डालगं उचललं, दोन्ही पिल्लं बघितली आणि सरळ सांगितलं, "ह्ये पडलेलं ऱ्हाईत न्हाई. मुंडी मुरगाळ आन् मोकळं कर त्याला. हाल कशाला?"

"करतो," सुभेदार म्हणाले.

"कवा?"

"आत्ता."

"फौजी माणूस तू. तुला काय सांगायचं," ज्ञानू म्हणाला आणि तंबाखू मळत दारात उभा राहिला.

सुभेदार पिल्लू घेऊन केळीपाशी गेले. ज्ञानूचं म्हणणं बरोबर आहे हे त्यांना पटत होतं. पिल्लू तळहातावर आडवं होतं, डोळे अर्धे मिटलेले, आणि त्याचं काळीज त्यांच्या बोटांना लागत होतं. त्यांनी दुसरा हात जवळ नेला. मग मिशी सारखी केली. मग पुन्हा हात जवळ नेला. मग केळीचं एक वाळकं पान उगीच तोडून बाजूला टाकलं. सरहद्द, बर्फ, वारा, सगळं एकदा आठवून बघितलं. उपयोग झाला नाही. त्यांचा धीर गोळा होईपर्यंत बोटांना लागणारं ते काळीज थांबलं होतं. पिल्लानं आपलं आपण उरकून घेतलं होतं.

त्यांनी ते केळीच्या बुंध्याशी मातीत ठेवलं.

"झालं का?" ज्ञानूनं हाक मारली.

"झालं," सुभेदार म्हणाले. आणि तेही खोटं नव्हतं.

"मग दुसऱ्याचंबी उरक."

"ते खातंय अजून," सुभेदार म्हणाले. "खाऊ दे त्याला."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी घर आडवं झालेलं असताना सुभेदार वाटीत कण्या घेऊन सपरात गेले. डालगं उचलून ते उकिडवे बसले. पिल्लू चोच टेकत टेकत वाटीकडे निघालं. "चल रं मर्दा," सुभेदार म्हणाले. "चल, चल, अजून थोडं."

"कुणाला म्हणताय, आबा?"

सुभेदार इतक्या झटकन उठले की कण्या सगळ्या सांडल्या. दारात पियू उभी होती, एक हात कमरेवर. ते तिच्या आणि पिल्लाच्या मधे उभे राहिले. छाती पुढे काढली. साहेब आल्यावर काढायचे तशी.

"काय न्हाई. उंदीर झालेत."

"उंदराला मर्दा म्हणता?"

"तू आत जा. हितं विंचूकाटा असतोय."

पिल्लू नेमकं त्याच वेळी, सुभेदारांच्या दोन पायांच्या मधून, पोटावर सरपटत पुढे आलं आणि सांडलेल्या कण्या टोचू लागलं. भांडारातल्या सगळ्या वर्षांत मागच्या रांगेतला माल आपण होऊन पुढे आल्याचं सुभेदारांना आठवत नव्हतं.

पियूनं त्याच्याकडे बघितलं. मग ती सावकाश, पोत्याला धरून, खाली बसली.

"हे कधीपासून आहे?"

"परवा."

"आणि तुम्ही मला सांगत होता की वाकडं एकपण नाही."

"अगं, तुझ्या नजरंला पडू नये म्हणून. ह्या दिवसांत असलं काय बघू नये म्हंत्यात." ते अडखळले. "माझा न्हाई विश्वास. पर म्हंत्यात."

"मग माझ्या बाळाचं काय करणार?" पियू म्हणाली. "त्यालापण डालग्याखाली ठेवणार?"

सुभेदारांना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दिसलं," ती पिल्लाकडे बघतच सांगत होती. "एक पाऊल आत वळलंय. बाकी सगळं चांगलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, घाबरायचं काही नाही, जन्मल्यावर लगेच प्लास्टर घालायचं. दर आठवड्याला नवं. मग पुढं बूट. म्हणाल्या, नीट केलं तर पोर चालतं, पळतं. मला आणि ऋषिराजना, दोघांनाच माहीत आहे."

"आन् आमाला सांगितलं न्हाईस?"

"सांगणारच होते. त्यासाठीच फोन केला होता त्या दिवशी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, एक वाया जायचं नाही, एक वाकडं निघायचं नाही."

रेंज गेली नव्हती तर.

सुभेदार खाली बसले. कण्यांवरच बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडात येत होतं ते सगळं भाषणासारखं होतं, आणि भाषण करायचा आपला हक्क गेलाय एवढं त्यांना समजत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुठला पाय?"

"डावा."

"बरं," ते म्हणाले.

"ह्याचे पाय बांधले का नाहीत?" पियूनंच विचारलं. "मोबाईलवर एवढं बघता. मी त्या प्लास्टरचं शोधत होते, तर कोंबडीच्या पिल्लांचंपण आलं पुढं. दोन्ही पाय जवळ घेऊन चिकटपट्टीनं बांधायचे. मधे थोडी जागा सोडायची, चालण्यापुरती. लवकर बांधलं तर सरळ होतात."

ते त्यांनी बघितलं होतं. पण बांधलेलं पिल्लू पुढच्या रांगेत कसं ठेवणार, इथं त्यांचा विचार अडला होता. हे ते बोलले नाहीत. उठून घरातून औषधांची पेटी आणली. पियूनं पिल्लू हातात धरलं, सुभेदारांनी चिकटपट्टी कापली. पहिली फार रुंद झाली. दुसरी त्यांच्याच अंगठ्याला चिकटली. तिसरी बसली. पिल्लाला खाली ठेवल्यावर ते उभं राहिलं, दचकलं, एक पाऊल टाकायला गेलं आणि तोंडावर पडलं. पुन्हा उठलं. या वेळी पंख पसरून तोल धरला आणि एवढंसं पाऊल टाकलं.

"चल रं मर्दा," पियू म्हणाली.

ते सपरातल्या मातीवर घट्ट उभं होतं. पियू बघता बघता विचारात पडली.

"आबा, तिकडं खोक्यात खाली काय घातलंय हो?"

ती उठून सोप्यात गेली, खोक्यात वाकली, आणि पाठोपाठ आलेल्या सुभेदारांना तिनं पाण्याची वाटी उचलून दाखवलं. फ्लेक्सवर त्यांचा चेहरा चकचकत होता. एक पिल्लू त्यांच्या मिशीवरून पलीकडे जायचा प्रयत्न करत होतं आणि दर पावलाला त्याचे पाय दोन बाजूंना सरकत होते. एक शुभेच्छुकांमध्ये, ज्ञानूच्या तोंडावर, बसून विष्ठा करत होतं.

"तुमच्या मिशीवरून घसरतायत ही," पियू म्हणाली. "म्हणून पाय फाकले."

आणि ती हसायला लागली. पोट धरून हसली. हसता हसताच तिचा आवाज बदलला. सुभेदारांना कळलं, पण काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी वाटी तिच्या हातातून काढून घेतली.

"ह्याचं कारण तरी सापडलं," डोळे पुसत ती म्हणाली. "माझं मी दोन महिने शोधतेय. स्कूटी चालवली म्हणून का. त्या पहिल्या महिन्यात ताप आला होता, गोळी घेतली, म्हणून का. डॉक्टर म्हणतात कारण नसतं. कुणाचं काही चुकलेलं नसतं. पण मला पटतच नाही, आबा."

भांडारात खराब मालाला कारण लागायचंच. वाळवी, गंज, उंदीर, पाणी. कारणाशिवाय एक बटणसुद्धा खराब झालेलं त्यांनी कधी कळवलं नव्हतं. ज्याला कारण नाही अशी गोष्ट समोर आली की काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी खोका रिकामा केला, फ्लेक्स ओढून काढला आणि तळाला गोणपाट अंथरलं. सगळी पिल्लं आत सोडली, आणि त्यांच्यात ते पाय बांधलेलंही.

*

मालनला पियूनं त्याच संध्याकाळी सांगितलं. मालन भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी जळू दिली, लेकीच्या पाठीवर पिठाचा हात ठेवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पोरीनं दोन महिनं एकटीनं वागवलं ह्ये. तुमच्या शंभर टक्क्यापायी." आणि थोड्या वेळानं, "आन् त्या खोक्याला माझ्या लग्नाच्या फोटूची काच लावलीया, व्हय? पॉलिशला गेलाय म्हनं."

सुभेदारांनी दोन्ही गोष्टी एकदमच कबूल केल्या.

सकाळी त्यांनी खोका उचलून पुढच्या ओट्यावर आणला. ऊन खायला, असं ते म्हणाले. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेतच होता तो. बांधलेल्या पायांचं पिल्लू तुरुतुरु उड्या टाकत होतं आणि बाकीच्यांच्या आधी दाण्यावर पोचत होतं, अर्थात तिथं पोचल्यावर पडत होतं.

रंगूबाई शेवग्याच्या शेंगा घेऊन आल्या. खोक्यापाशी थांबल्या.

"ह्येच्या पायात काय घातलंय? तोडं?"

"पाय वाकडे झालेत, आजी. बांधलेत," ओट्यावर बसलेली पियू म्हणाली. आईच्या तोंडाकडे एकदा बघून तिनं बाकीचंही सांगून टाकलं. "माझ्या बाळाचाबी एक पाय वळलाय आत. झाल्यावर त्येचाबी बांधायचा हाय."

रंगूबाईंनी शेंगा खाली ठेवल्या. त्या पियूच्या शेजारी बसल्या, तिच्या पोटावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. सगळं छान चाललं होतं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मागल्या गिराणात," त्यांनी विचारलं, "तू काय चिरलंवतंस का गं?"

पियूच्या चेहऱ्यावरचा रंग बदललेला सुभेदारांनी बघितला. दोन महिने शोधून दमलेली लेक आता ते ग्रहण शोधायला निघणार, कुठल्या दिवशी होतं, आपण स्वयंपाकघरात होतो का, हातात काय होतं. हे त्यांना स्पष्ट दिसलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी, कुणी न विचारता, खराब माल आपल्या नावावर घेतला.

"तिनं न्हाई, काकी," ते म्हणाले. "मी चिरला."

"काय?"

"कांदा."

"गिराणात?"

"व्हय. ऐन मध्यावर. अख्खा कांदा."

दारात उभी असलेली मालन नवऱ्याकडे बघत राहिली. रंगूबाईंनी डोळे बारीक केले.

"आकाराम, तुला कवापासनं कांदा चिराय येतोय रं?"

मालन आत गेली. आली ती विळी आणि एक कांदा घेऊन, आणि दोन्ही तिनं नवऱ्यापुढे ठेवली.

"दावा की मग," ती म्हणाली. "दाखवायची हौस हाय न्हवं तुमाला?"

सुभेदार विळीवर बसले. उलटे बसले; मालननं खांद्याला धरून सरळ केलं. कांदा पात्यावर टेकवला तर तो निसटून खोक्यात गेला आणि पिल्लं सैरावैरा झाली. दुसऱ्या खेपेला अर्धा झाला. त्या अर्ध्याचे त्यांनी पाच तुकडे केले, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही असे. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, मिशीवरून ओघळत होत्या, आणि त्या पुसायला त्यांनी हात वर नेला तो कांद्याचाच. पियू आता भिंतीला टेकून हसत होती, एक हात पोटावर, आणि मालन पदर तोंडाला लावून उभी होती.

रंगूबाईंनी एक तुकडा उचलून उजेडाला धरला. उलटा केला. परत सुलटा केला.

"ह्ये चिरणं न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "ह्ये फोडणं हाय. असल्यानं कुणाला काय बाधत न्हाई. आण ते पिल्लू हिकडं, पट्टी सैल झालीया त्येची."